महिनाभरात आईला वाचून दाखवलेल्या कादंबऱ्या

जुईचा_वेल

नमस्कार मंडळी.

गेल्या महिन्यात आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आधी उजवा डोळा, पंधरा दिवसांनी डावा. दिवसातून चार वेळा थेंब, काळा चष्मा, डोळ्यांत पाणी जाऊ द्यायचं नाही आणि वाचन बंद. आई वर्तमानपत्र निविदांसकट वाचणारी बाई. तिसऱ्याच दिवशी म्हणाली, "नुसतं बसून बसून मले येड लागन बाप्पा." म्हणून संध्याकाळी दिवाबत्ती झाली की तासभर तिला कादंबरी वाचून दाखवायला लागले. महिन्यात चार झाल्या.

पहिली व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी'. कपाटात हाताशी होती आणि बारीक होती, एवढंच कारण. पाच संध्याकाळी पुरली. शेकूचा एक बैल जातो आणि त्याची बायको दुसऱ्या बैलाच्या जोडीला खांदा देते, तिथे आईने मला थांबवलं आणि बराच वेळ काही बोललीच नाही. शेवट मात्र मला फार घाईचा वाटला. एवढं जीव लावून उभं केलेलं गाव दुष्काळ येतो आणि बघता बघता रिकामं होतं.

दुसरी उद्धव शेळक्यांची 'धग' (१९६०). या कादंबरीसाठीच खरं तर हा धागा काढलाय. आईचं माहेर अमरावतीकडचं. मी ठाण्यात वाढले, वऱ्हाडी कानाला ओळखीची, जिभेला नाही. कॉलेजात असताना 'धग' वाचली होती. चांगली वाटली, परीक्षेत उत्तर लिहिलं, विसरले. आता आईसमोर कौतिकचं बोलणं वाचायला लागले तर दोन पानांतच तिने हात वर केला. "तू बातम्या सांगतल्यावानी वाचून रायली. कौतिक भांडून रायली ना ती?" मग आमची एक पद्धतच पडली. निवेदन मी वाचायचं. संवाद आला की मी ते वाक्य हळू म्हणायचं आणि आईने ते मोठ्याने, तिच्या सुरात म्हणायचं. महादेवला सुनावणारी कौतिक मला पहिल्यांदा ऐकू आली ती अशी. कॉलेजात मला ती सोसणारी बाई वाटली होती. आईच्या तोंडून ती सारखी हिशेब मांडणारी, डाव टाकणारी, नवऱ्याला कामाला जुंपण्यासाठी नाना खटपटी करणारी बाई निघाली. बारा संध्याकाळी लागल्या. शेवटच्या दिवशी थेंब घालायची वेळ टळून गेली, आमच्या दोघींच्या लक्षातच आलं नाही.

तिसरी रा. रं. बोराडे यांची 'पाचोळा' (१९७१). ही सगळीच्या सगळी पारबतीच्या तोंडून, मराठवाडी बोलीत. इथे आईही माझ्याइतकीच परकी. तरी तिच्या लक्षात आलं ते माझ्या आलं नव्हतं: "हेही घर शिंप्याचंच की." धगमध्ये महादेव शिंपी, इथे गंगाराम शिंपी. एकापाठोपाठ एक वाचल्यामुळे दोन बायका शेजारी शेजारी बसल्यासारख्या झाल्या.

चौथी विश्राम बेडेकरांची 'रणांगण' (१९३९). बोटीवरची, युद्धाच्या सावलीतली. चार संध्याकाळी.

विचारायचं ते हे, की बोलीभाषेतली कादंबरी तुम्ही कशी वाचता? मनात की मोठ्याने? दुसऱ्या प्रदेशातल्या बोलीशी कसं जमवून घेता? आणि आणखी काही सुचवा. डाव्या डोळ्याचे थेंब अजून चालू आहेत.

कल्याण_स्लो

निविदांसकट वर्तमानपत्र! माझे अण्णाही तसेच होते, वाचून झाल्यावर घडीसुद्धा इस्त्री केल्यासारखी. वाचनखूण साठवली आहे. काकूंना नमस्कार सांगा.

माणदेशी_वाट

ताई, बनगरवाडीच्या शेवटाबद्दल मात्र माझं वेगळं मत आहे. मी आटपाडी तालुक्यातला. आमच्याकडे दुष्काळ वाजतगाजत येत नाही. एक पाऊस चुकतो, मग दुसरा चुकतो, आणि एका सकाळी शेजारचा वाडा रिकामा दिसतो. मेंढरं घेऊन निघालेला माणूस निरोपाला थांबत नाही, जितराबाला पाणी कुठे आहे तेवढंच त्याच्या डोक्यात असतं. माझ्या चुलत्यांनी असं गाव सोडलेलं मी लहानपणी पाहिलंय. संध्याकाळी चूल पेटली होती, पहाटे फक्त तीन दगड. माडगूळकरांनी तिथे पाच-पंचवीस पानं खर्ची घातली असती तर ते खोटं झालं असतं.

आणखी एक सांगतो. मास्तर, कारभारी, गावाने मिळून बांधलेली तालीम आणि तिच्यासाठी आलेले राजेसाहेब, यातलं काहीच आम्हाला कल्पनेतलं वाटत नाही. आटपाडी औंध संस्थानातच होती. तिथले राजे पंतप्रतिनिधी, त्यांना सूर्यनमस्काराचं केवढं वेड होतं ते आमचे आजोबा सांगायचे, शाळेत पोरांना घालावेच लागायचे. आटपाडीजवळचं स्वतंत्रपूर, कैद्यांची खुली वसाहत, तेही औंधकरांच्याच काळातलं, १९३९ चं. 'दो आँखें बारह हाथ'ची गोष्ट तिथून आली आणि ती लिहिली व्यंकटेशतात्यांचे थोरले बंधू गदिमा यांनी. विषय लांबला, पण आमच्या मुलखाचं नाव निघालं की राहवत नाही.

जुईचा_वेल

@माणदेशी_वाट, 'पहाटे फक्त तीन दगड' हे आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, त्या दादाचं बरोबर आहे, तू शहरातली. शेवटचं प्रकरण उद्या परत वाचते.

रेघोट्या

थोडं विरोधी बोलतो, राग मानू नये. 'पाचोळा' मी दोनदा हातात घेतली आणि दोन्ही वेळा विसाव्या पानाच्या आत सोडली. मी रत्नागिरीचा. प्रत्येक ओळीला अडखळायचं, अर्थ लावायचा, मग पुढे जायचं, यात गोष्ट हातातून निसटते. संवाद बोलीत असावेत, मान्य. पण अख्खं निवेदन बोलीत लिहिलं की लेखक आपल्याच भाषेतल्या निम्म्या वाचकांना दाराबाहेर ठेवतो. 'धग' मला पुरी वाचता आली, कारण शेळक्यांचं निवेदन बहुतेक प्रमाण मराठीत आहे. तेवढ्याने कौतिक काही कमी वऱ्हाडी होत नाही.

लातुरी_चिंच

रेघोट्या, तुमची अडचण खोटी म्हणत नाही. पण एक बघा. 'पाचोळा'त गोष्ट कोण सांगतंय? पारबती. तिला शाळा नाही, पुस्तक नाही, सांगायला तिच्याकडे तिचं तोंड तेवढं आहे. ते काढून घेऊन तिला पुण्याची भाषा दिली तर ती राहतेच कुठे? मग ती गंगारामची गोष्ट होईल, लेखकाने दुरून सांगितलेली. नवऱ्याचा ताठा, पोराचं बिनसणं, घराची वाताहत हे सगळं आपल्याला चुलीपाशी बसलेल्या बाईच्या नजरेतून दिसतं, आणि त्या बाईला नवऱ्यापुढे बोलायची मुभा नाही. जे तिला घरात बोलता आलं नाही ते ती आपल्याला सांगतेय. दाराबाहेर नाही ठेवलेलं तुम्हाला, उलट आत घेतलंय.

बोराडे सर आमच्या लातूर जिल्ह्यातले. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते गेले तेव्हा मी पुन्हा 'पाचोळा' काढली. माझी आज्जी नेमकी तशीच बोलायची. 'मह्या', 'तुह्या', आणि दर तिसऱ्या वाक्याला 'बया'. तिचा आवाज कुठेच रेकॉर्ड केलेला नाही. मला तो त्या पुस्तकात मिळतो.

कल्याण_स्लो

शेवटच्या दोन ओळी वाचून थांबलो.

नेकारकाठ

मी जर्मनीत हायडेलबर्गला असते. जुईताई, तुम्ही 'रणांगण' दोन ओळींत आटोपलीत म्हणून लिहिते, कारण माझ्या आयुष्यात त्या छोट्या पुस्तकाला फार मोठी जागा आहे.

इथे रस्त्याने चालताना फरसबंदीत मध्येच पितळी दगड लागतात. तळहाताएवढे, दहा सेंटीमीटर लांब आणि तेवढेच रुंद. त्यांना 'श्टोल्परश्टाइन' म्हणतात, म्हणजे ठेच लागावी असा दगड. एका कलाकाराने १९९० च्या दशकात हे काम सुरू केलं आणि आता युरोपभर असे दगड आहेत. नाझी राजवटीने ज्यांना घरातून उचललं, हाकललं किंवा मारलं त्यांच्या घरासमोर तो बसवायचा. वर लिहिलेलं असतं, 'इथे राहत होती', मग नाव, जन्मसाल आणि पुढे काय झालं ते. काही दगडांवर मरणाऐवजी पलायनाचं साल असतं. माझ्या बसथांब्याजवळच्या एका दगडावर १९३९ आहे.

इथे आल्यावर पहिल्या हिवाळ्यात मी 'रणांगण' वाचली. आपल्या भाषेत, १९३९ सालीच, एका मराठी माणसाने देशोधडीला लागलेल्या ज्यू लोकांनी भरलेली बोट लिहून ठेवली होती. त्यांचं पुढे काय होणार हे जगाला पुरतं कळलंही नव्हतं तेव्हा. हॅर्टाला थारा देणारा देश नाही आणि ती ज्याच्यावर जीव टाकते तो चक्रधर स्वतःच गुलाम देशाचा. आता मी तो दगड ओलांडत नाही, बाजूने जाते.

शमीपत्र

नेकारकाठ, फार सुंदर लिहिलंत. पण मला चक्रधर कधीच पटला नाही. एका बाईने दुखावलं म्हणून साऱ्या बायकांवर सूड धरणारा माणूस. हॅर्टा सर्वस्व पणाला लावते आणि हा आपल्याच मनाच्या जखमा कुरवाळत बसतो. त्याची हळहळ वाचताना मला हॅर्टासाठी वाईट वाटतं आणि त्याचा राग येतो.

नेकारकाठ

राग मलाही येतो. पण बेडेकरांनी त्याला मोठा करून दाखवलेलंच नाही. तो स्वतःच स्वतःवरचं आरोपपत्र वाचतोय असं मला वाटतं. दुसऱ्यांदा वाचाल तेव्हा या अंगाने बघा.

जुईचा_वेल

आईचं मत शमीपत्रच्या बाजूचं. "त्या पोरीनं दुसरा कोनी पायला पायजे होता." मला मात्र शेवटची वीस पानं वाचताना आवाज लावता येईना, दोनदा पाणी प्यायले. शेवट कुणी उघड करू नका, अजून न वाचलेले लोक इथे आहेत.

सुरती_हुरडा

मंडळी, रणांगणचं नाव निघालंच आहे तर एक जोड देते. विश्राम बेडेकरांच्या पत्नी मालतीबाई, म्हणजेच विभावरी शिरूरकर. 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ चं, त्याने केवढी खळबळ उडाली ते ठाऊक असेलच. पण त्यांची 'बळी' (१९५०) फार कमी लोक वाचतात, आणि ती आमच्या सोलापूरची आहे.

इंग्रजांनी कायदा करून ज्या जमातींना जन्माने गुन्हेगार ठरवलं त्यांना तारेच्या कुंपणात वसाहत करून ठेवलं होतं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर पडायचं नाही. मालतीबाईंनी त्या वसाहतीवर अधिकारी म्हणून काम केलं होतं. 'बळी'त ते कुंपण आतून दिसतं, त्यातला आबा दिसतो. हा कायदा देशभरातून रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ ला. सोलापुरात आजही त्या भागाला लोक सेटलमेंटच म्हणतात. मी शाळेला जाताना रोज तिथून जायची आणि मला नावाचा अर्थ माहीत नव्हता. चाळिशीत 'बळी' वाचली तेव्हा कळला. त्या शाळेच्या बारा वर्षांत हे आम्हाला कुणी सांगितलं नाही, याचा मला अजून त्रास होतो.

एका घरातली माणसं. एकाने बोटीवर अडकलेल्यांचं लिहिलं, एकीने कुंपणात अडकलेल्यांचं.

रेघोट्या

'बळी'ची माहिती नव्हती. यादीत घेतली. ही नवी प्रत मिळते का?

सुरती_हुरडा

माझ्याकडची वाचनालयातली जुनी आहे, पानं पिवळी झालीत. तुमच्या जिल्हा वाचनालयात आधी विचारा, जुन्या कादंबऱ्यांचा साठा तिथे चांगला सापडतो.

भीमेचा_गाळ

मी उशिरा आलो. आमचं गाव इंदापूर तालुक्यात, जुनं गाव उजनीच्या पाण्याखाली. त्यामुळे सुचवायचं ते धरणाचंच सुचणार.

विश्वास पाटलांची 'झाडाझडती' (१९९१, पुढच्या वर्षी साहित्य अकादमी) बहुतेकांनी वाचली असेल. धरणासाठी उठलेल्या जांभळी गावाची गोष्ट. खैरमोडे गुरुजींसारखा सरळ माणूस कचेरीच्या पायऱ्या झिजवत राहतो. माझे वडील ती वाचताना मध्येच पुस्तक मिटून म्हणायचे, "हा कागद आपल्याकडेही आहे." आणि खरंच ट्रंकेतून तसला कागद काढून दाखवायचे. संपादनाची नोटीस, मोबदल्याचा आकडा, खाली चुलत आजोबांचा अंगठा.

पण त्याहून मला जवळची वाटली ती कृष्णात खोत यांची 'रिंगाण' (साहित्य अकादमी २०२३). माणसं उठली, नव्या जागी गेली आणि म्हैस मागे राहिली. देवाप्पा तिला आणायला परत जातो. मोबदला, मोर्चे असलं काही फारसं नाही. माणूस, जनावर आणि पाण्याने वेढलेलं जुनं रान. 'झाडाझडती' वाचून मी संतापलो होतो. 'रिंगाण' वाचून आज्जीला घेऊन धरणावर गेलो.

२०२३ च्या उन्हाळ्यात पाणी फार खाली गेलं होतं. पळसदेवचं पळसनाथाचं मंदिर उघडं पडलं, लांबलांबून लोक बघायला येत होते. आज्जी मंदिराकडे बघतच नव्हती. गाळात एका जागी बोट दाखवून म्हणाली, "हितं आपला उंबरा. न्हाणी हिकडं." मला फक्त भेगाळलेला चिखल दिसत होता. ती चप्पल काढून तिथे उभी राहिली. मीही काढली.

लातुरी_चिंच

भीमेचा_गाळ, आज्जींना दंडवत.

अधलीमधली

एवढ्या ग्रामीण कादंबऱ्या झाल्या, मग नेमाड्यांची 'कोसला' कशी नाही? पण मी म्हणेन, ती मोठ्याने वाचू नका. पांडुरंग सांगवीकर ज्याचा त्याने एकट्याने, रात्री वाचायचा.

माणदेशी_वाट

अजिबात नाही! वसतिगृहात आम्ही चौघांनी मिळून 'कोसला' मोठ्याने वाचली. एकाने वाचायचं, तिघांनी अंथरुणावर पडून ऐकायचं. हसून हसून पोट दुखायचं. मग पांडुरंगच्या धाकट्या बहिणीचं, मनूचं प्रकरण आलं. वाचणारा मध्येच थांबला आणि कुणीही त्याला 'पुढे' म्हटलं नाही. दिवा मालवून झोपलो. ते एकट्याने वाचून मला कळलं नसतं.

अधलीमधली

मी एकटीने वाचली आणि मलाही कळलं की!

ओसरी

मोठ्याने वाचण्याविषयी दोन शब्द. माझं वय ७४. आमच्या लहानपणी घरात वाचणारा एक आणि ऐकणारे दहा असायचे. श्रावणात ओसरीवर पोथी लागायची, 'हरिविजय' नाहीतर 'पांडवप्रताप'. कंदिलाशेजारी काका वाचायचे. ऐकणाऱ्या बायकांतल्या निम्म्यांना अक्षरओळख नव्हती, पण काका एखादी ओवी चुकले की मागून आवाज यायचा, "भाऊजी, ती ओवी राहिली." त्यांना पोथी तोंडपाठ होती. ऐकणारा असा जागा असला की वाचणाराही जागा राहतो. जुईच्या आई 'बातम्या सांगतल्यावानी' म्हणाल्या, ते मला त्या मागच्या आवाजासारखं वाटलं.

पुढे कादंबरी आली, आपण मनात वाचायला शिकलो, वेग वाढला. बोलीतल्या ओळीला मात्र वेग मानवत नाही असं मला वाटतं. डोळा शब्दाचं रूप शोधत बसतो. कानाला रूप लागत नाही, त्याला सूर पुरतो. रेघोट्या, 'पाचोळा'ची पहिली दहा पानं घरात कुणाला तरी ऐकवून बघा. अर्थ विचारू नका, नुसती ऐकवा.

शमीपत्र

ऑडिओबुकं असतात ना हल्ली, त्यात बोली येणारे कलाकार वाचतात.

ओसरी

छान वाचतात, मी ऐकते. पण त्यांना मध्येच थांबवून "कौतिक भांडून रायली ना?" असं म्हणता येत नाही.

रेघोट्या

ओसरीताईंच्या सांगण्यावरून कळवतो. रविवारी वाचनालयातून 'पाचोळा' पुन्हा आणली. बायको आणि आई भाजी निवडत होत्या, त्यांच्यासमोर वाचायला बसलो. माझ्या तोंडी मराठवाडी बोली ऐकून दोघी पहिली दोन पानं नुसत्या हसत होत्या. मग हसणं थांबलं. आई मध्येच म्हणाली, "ही बाई घाबरलेली आहे." ते त्या पानावर कुठेच लिहिलेलं नव्हतं. मी परत मागे जाऊन बघितलं.

दहाच्या जागी तीस पानं झाली. दोन-तीन शब्द अजून अडलेत, ते लातुरी_चिंच यांना व्यनि (व्यक्तिगत निरोप) करतो. माझं मूळ म्हणणं पूर्ण मागे घेत नाही. एकट्या वाचकाला हे पुस्तक अवघड आहे आणि शेवटी थोडे शब्दार्थ दिले तर बिघडणार नाही. पण पारबतीला प्रमाण मराठीत बोलायला लावावं, हे मी पुन्हा म्हणणार नाही.

लातुरी_चिंच

शब्द पाठवा. शब्दार्थांचं मलाही पटलं.

जुईचा_वेल

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

बनगरवाडीचं शेवटचं प्रकरण परत वाचलं. माणदेशी_वाट, तुमचं खरं आहे. घाई मलाच झाली होती, गावातून निघायची माझी तयारी नव्हती.

काल आईला नवा चष्मा मिळाला. डॉक्टरांनी वाचायला परवानगी दिली. घरी आल्या आल्या तिने निविदांचं पान काढून खिडकीशी धरलं, अक्षरं स्वच्छ दिसली, फार आनंद झाला तिला. मला वाटलं आपला संध्याकाळचा तास संपला. दिवाबत्ती झाल्यावर हाक आली, "काहून वं, आज वाचत नाही का?" मी म्हटलं, आता तुझं तुला दिसतं की. तर म्हणाली, "मले दिसते, पन आयकू येत नाही."

'रिंगाण' सुरू केली आहे. 'बळी'साठी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात विचारून येते. भीमेचा_गाळ, म्हशीचं काय होतं ते आईने तुम्हाला विचारायला सांगितलंय, तिला आजच हवंय.

भीमेचा_गाळ

काकूंना सांगा, अजिबात सांगणार नाही. रोज एक तास वाचा.